क्लॅरिस मेली की नाही

पुस्तकाची शेवटची वीसेक पानं नाहीत हे मला कळलं तेव्हा विरार गाडी वसईची खाडी ओलांडत होती. चार दिवस जाता-येता वाचत होतो. मागे लागलेल्या कुत्र्याला चुकवत नायक नदीपर्यंत आला, पाण्यात उतरला, प्रवाहानं त्याला उचललं. मी पान उलटलं तर समोर पुठ्ठ्याची आतली बाजू. वाळलेल्या सरसाचा पिवळा पट्टा आणि त्याला चिकटून राहिलेले कागदाचे दोन-चार कपटे. खाली खरीखुरी खाडी, वर लोंबकळणारा मी, आणि माँटॅग कुठल्याशा अमेरिकन नदीत तसाच सोडून दिलेला.

फाउंटनच्या फुटपाथवर घेताना मी विचारलं होतं, "पूर्ण आहे ना?" विकणाऱ्यानं पत्ते पिसावेत तशी अंगठ्यानं पानं फर्रकन सोडली आणि म्हणाला, "आहे." बारा रुपये. साल १९८८.

कादंबरी रे ब्रॅडबरीची, 'फॅरनहाइट ४५१'. ती १९५३ साली आली. तिच्यातल्या जगात घरांना आग लागतच नाही, त्यामुळे आग विझवणाऱ्यांना काम उरलेलं नाही. मग सरकारनं त्यांना दुसरं काम दिलंय. कोणाकडे पुस्तकं आहेत अशी खबर आली की घंटा वाजते, गाडी निघते आणि ती माणसं जाऊन पुस्तकं जाळतात. वेळ पडली तर घरासकट. ४५१ हे कागद पेट घेतो ते तापमान, आपल्या सेल्सिअसमध्ये साधारण २३३. गाय माँटॅग हा असाच एक जाळणारा. दहा वर्षं नोकरी झालेली, कामावर खूश. एका रात्री घरी परतताना शेजारची सतरा वर्षांची क्लॅरिस त्याला भेटते, काहीबाही विचारते, आणि जाता जाता तुम्ही सुखी आहात का असंही विचारून जाते. तिथून त्याचं बिनसत जातं.

मराठी वाचकाला या गोष्टीत एक गंमत फुकट मिळते. आग विझवायला धावत येतो तोही बंब, आणि न्हाणीघराच्या दाराशी पाणी तापवायला धुमसत असतो तोही बंबच. आमच्या साताऱ्याच्या घरी तांब्याचा मोठा बंब होता. मे महिन्यात निकाल लागले की जुन्या वह्या, कव्हर गेलेली क्रमिक पुस्तकं, गाइडं यांचा ढीग त्याच्याशेजारी येऊन पडे, आणि सकाळी बंब पेटवायचं काम माझ्याकडे असे. त्यामुळे पुस्तक कसं जळतं हे मला वाचायच्या आधी माहीत होतं. मिटलेलं पुस्तक जळतच नाही. कडा काळ्या होतात, कव्हर फुगतं, आत मजकूर शाबूत राहतो आणि सगळ्या घरात धूर होतो. काकू आतून ओरडायची, "पानं सुटी कर रे, पानं सुटी कर!" सुटं पान मात्र एका कोपऱ्यातून तपकिरी होत जातं, मग आपल्या अंगानंच उलटतं, कोणीतरी वाचायला घेतल्यासारखं, आणि क्षणभर अक्षरं काळ्यावर राखाडी अशी स्पष्ट दिसतात. मी ती वाचायचा प्रयत्न करायचो. फुंकर घातली की गेली. हीच काकू पुस्तकाला पाय लागला की आधी नमस्कार करायला लावायची. दोन्ही गोष्टी एकाच घरात सुखानं नांदत होत्या.

असो. अर्धवट पुस्तकाचं पुढे काय झालं ते सांगतो. दीडेक वर्षानं एका फिल्म सोसायटीच्या खेळाला 'फॅरनहाइट ४५१' लागला. फ्रान्स्वा त्रुफोचा, १९६६चा. प्रोजेक्टरच्या घरघरीत आवाज ऐकू यावा म्हणून पंखे बंद केलेले, घामाघूम तीसेक माणसं. मला सिनेमाशी देणंघेणं नव्हतं. मला माझी वीस पानं हवी होती.

सिनेमा सुरू झाला आणि पडद्यावर नावंच येईनात. रंगांत बुडवलेल्या छपरांवरच्या टीव्हीच्या अँटेना एकामागून एक दिसतात आणि एक आवाज कलावंतांची, तंत्रज्ञांची नावं वाचून दाखवतो. मागच्या रांगेतला एक जण कुजबुजला, "प्रिंट खराब आहे." मलाही तसंच वाटलं. त्या जगात वाचायला काही ठेवलेलंच नाही, मग श्रेयनामावली तरी लिहिलेली कशी असेल, हे लक्षात यायला मला दहा मिनिटं लागली, आणि लक्षात आल्यावर अंगावर काटा आला. ब्रॅडबरीला हे करता येणं शक्यच नव्हतं. वाचणं संपलेल्या जगाची गोष्ट तो सांगत होता ती छापील ओळींतून. प्रत्येक पानावर त्याला अक्षरं वापरणं भाग होतं. त्रुफो अक्षरं काढून घेऊ शकत होता. माँटॅग वर्तमानपत्र उघडतो तर त्यात नुसती चित्रं, एकही शब्द नाही. साहेब त्याची फाइल काढतो तर आत फक्त फोटो. दोन तास डोळे अक्षरासाठी वखवखतात, आणि अक्षर दिसतं ते पुस्तकांवर. तीही पेटण्याच्या बेतात.

शेवटाकडे नदीच्या पलीकडचं रान आलं. तिथे राहणारी माणसं. प्रत्येकानं एकेक पुस्तक पाठ केलेलं आणि आता तो माणूस म्हणजे ते पुस्तक. बर्फ पडतंय, झाडं उघडी, आणि माणसं येरझाऱ्या घालत आपापलं पुस्तक पुटपुटताहेत. त्यांत क्लॅरिस होती.

घरी येऊन मी त्या अर्धवट प्रतीच्या पुठ्ठ्याच्या आत पेन्सिलीनं लिहून ठेवलं: 'पुढे: रान. पुस्तकं झालेली माणसं. बर्फ. क्लॅरिस आहे.' गोष्ट पूर्ण झाली.

ती तशी झालेली नाही हे मला कळायला आणखी अकरा वर्षं गेली. अखंड प्रत हातात आली तेव्हा मी सरळ शेवट काढला. बर्फ नाही. क्लॅरिसही नाही. नदीपलीकडे शेकोटीभोवती बसलेले म्हातारे प्राध्यापक आहेत, ग्रेंजर नावाचा त्यांचा म्होरक्या आहे, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत विमानं येतात आणि मागे राहिलेलं शहर एका क्षणात नाहीसं होतं. पुस्तकभर डोक्यावरून घोंघावत गेलेलं युद्ध सुरू होतं आणि तिथल्या तिथे संपतं. सकाळी ही माणसं उठतात आणि शहराकडे चालू लागतात, कारण कोणी जिवंत असलंच तर त्याला यांची गरज लागणार आहे. माँटॅग आपल्याला बायबलमधलं काय काय आठवतंय ते मनात जुळवत चाललेला असतो.

आता कोणी म्हणेल, शेवट नव्हता हे ठीक, पण क्लॅरिस गाडीखाली सापडून मेली हे तर पहिल्या भागातच सांगितलंय; ते तू वाचलं नव्हतंस? वाचलं होतं. पण सांगतं कोण ते बघा. माँटॅगची बायको मिल्ड्रेड. बाई झोपेच्या गोळ्यांची अख्खी बाटली रिकामी करते, दोन माणसं यंत्र घेऊन येतात, पोट धुतात, रक्त बदलतात, आणि सकाळी हिला त्यातलं काहीही आठवत नाही, फक्त भूक लागलेली असते. क्लॅरिसची बातमी ती झोपता झोपता देते. ती मेली वाटतं, चार दिवस झाले, सांगायचं राहूनच गेलं, अशा सुरात. दुसरा साक्षीदार कॅप्टन बीटी, म्हणजे जाळणाऱ्यांचा साहेब. खोटं बोलण्यात ज्याचा हात कोणी धरणार नाही असा माणूस. वीस वर्षांच्या मुलाला जी मुलगी जिवंत हवी होती, तिच्या मरणाला एवढे दोनच साक्षीदार. मी ते मान्य केलं नव्हतं. त्रुफोनं दुजोरा दिला आणि प्रकरण मिटलं.

त्यानंतर दोन्ही गोष्टी मी कितीदा वाचल्या-पाहिल्या असतील. एकमेकींत त्या इतक्या मिसळल्या होत्या की सोडवणं हेच एक काम झालं. सिनेमात नाही ते आधी सांगतो, कारण ते पुष्कळ आहे. आठ पायांचा यांत्रिक कुत्रा नाही. फेबर नावाचा भित्रा म्हातारा प्राध्यापक नाही. युद्ध नाही. आणि मुख्य म्हणजे कादंबरीचा वेग नाही. ब्रॅडबरीच्या जगात मोटारी इतक्या सुसाट जातात की रस्त्याकडेच्या जाहिराती वीस फुटांच्या दोनशे फुटी कराव्या लागल्यात, नाहीतर त्या दिसायच्याच नाहीत. मिल्ड्रेडच्या कानात अहोरात्र शिंपल्याएवढा रेडिओ. दिवाणखान्याच्या तीन भिंती म्हणजे बोलते पडदे, आणि चौथा बसवा म्हणून तिची भुणभुण. त्याचा खर्च दोन हजार डॉलर, म्हणजे नवऱ्याच्या वर्षाच्या पगाराचा तिसरा हिस्सा. लोकलच्या डब्यात आज जिकडे तिकडे कानात पांढरी बोंडं दिसतात तेव्हा मला मिल्ड्रेड आठवते. माझ्याही कानात ती असतात हे सांगायला हरकत नाही.

हा वेग आला कुठून याचा मला लागलेला एक अंदाज आहे. या कादंबरीचा पहिला खर्डा ब्रॅडबरीनं लॉस एंजलिसच्या विद्यापीठात, पॉवेल ग्रंथालयाच्या तळघरात लिहिला. तिथे भाड्यानं टाइपरायटर मिळत. दहा सेंटचं नाणं टाकलं की अर्धा तास चालायचे. घरी लहान मूल, लिहायला जागा नाही. नऊ दिवसांत त्यानं नऊ डॉलर ऐंशी सेंटची नाणी घातली. हिशेब केला तर एकोणपन्नास तास होतात. मध्येच उठून वरच्या मजल्यांवर जायचा, कपाटांतून पुस्तकं काढून चाळायचा, पुन्हा खाली धावायचा, कारण नाणं संपत आलेलं असायचं. १९५१च्या फेब्रुवारीत 'द फायरमन' या नावानं तो मजकूर 'गॅलक्सी' मासिकात आला आणि पुढे वाढून कादंबरी झाला. रिक्षाच्या मीटरवर डोळा ठेवून बोलणाऱ्या माणसासारखी त्या गद्याची धाप आहे. उपमेवर उपमा, एक संपायच्या आत दुसरी. काही ठिकाणी त्या इतक्या दाटतात की मी सरळ ओळ गाळतो. पण ती घाई खरी आहे, हेही खरं.

त्रुफोला घाई नव्हती. कादंबरीचा सिनेमा करायचा हे मनात आल्यापासून पैसे उभे राहीपर्यंत त्याची काही वर्षं गेली, आणि शेवटी तो बनला इंग्लंडमध्ये, पाइनवुड स्टुडिओत. त्याचा हा पहिला रंगीत सिनेमा आणि इंग्रजीतला एकुलता एक. इंग्रजी त्याला बेताचंच येई. संवाद ऐकताना ते जाणवतं. माणसं थोडी अंतरावर उभी राहून, इस्त्री केल्यासारखं बोलतात. लोकांनी याला नावं ठेवली आणि त्याला स्वतःलाही फ्रेंचमध्ये डब केलेली प्रत जास्त बरी वाटे. मला मात्र हे अवघडलेपण सिनेमाला मानवलंय असं वाटतं. ज्या समाजातली पुस्तकं गेली त्याची भाषा अशीच होणार, शासकीय परिपत्रकासारखी, बरोबर आणि निर्जीव. ब्रॅडबरीची माणसं अडाणी होऊनही कवितेसारखी बोलतात. तिथे माझा विश्वास उडतो.

दुसरं म्हणजे ज्युली ख्रिस्ती. बायको आणि क्लॅरिस, दोन्ही भूमिका तिनंच केल्यात. एक लांब केसांची, एक आखूड. बायकोचं नाव सिनेमात लिंडा आहे आणि क्लॅरिस शाळकरी वयाची नाही, नोकरी गेलेली तरुण शिक्षिका आहे. ब्रॅडबरीला ही दुहेरी भूमिका पसंत नव्हती. मला आहे. कादंबरीतल्या मिल्ड्रेडवर अन्याय झालाय. लेखक तिला एकही बरा क्षण देत नाही. सिनेमात तोच चेहरा दोन घरांत राहतो. म्हणजे लिंडा क्लॅरिस होऊ शकली असती आणि क्लॅरिस लिंडा. टीव्हीतल्या नाटकातली पात्रं लिंडाकडे वळून तिचं मत विचारतात आणि ती उत्तर देऊ लागते, तेव्हा तिच्या चेहऱ्यावरची शाळेतल्या मुलीसारखी धांदल बघा. तिची कीव येत नाही, तिच्याबद्दल वाईट वाटतं.

आणि जाळपोळ. कॅमेरामन निकोलस रोग, जो पुढे स्वतः दिग्दर्शक झाला, आणि संगीत बर्नार्ड हर्मन, हिचकॉकचा. एका म्हातारीच्या घरी माळ्यावर अख्खं ग्रंथालय सापडतं. कादंबरीत बीटी माँटॅगच्या आजारपणात त्याच्या पलंगाशी बसून जे प्रवचन देतो, ते सिनेमात कॅप्टन इथे, पुस्तकांच्या फडताळांमधून हिंडत देतो. एकेक पुस्तक काढतो, दोन शब्दांत निकालात काढतो, खाली टाकतो. सगळे सारखे व्हायचे असतील तर सगळी पुस्तकं जाळली पाहिजेत, एकही शिल्लक ठेवून चालणार नाही, असं तो म्हणतो तेव्हा त्याच्या हातात हिटलरचं 'माइन काम्फ' असतं. त्रुफो इथे कुठलीही सोय ठेवत नाही. मग म्हातारी पुस्तकांच्या ढिगावर उभी राहते, हसते, आणि काडी तीच टाकते.

त्यानंतर कॅमेरा खाली, पुस्तकांच्या पातळीवर जातो. दालीच्या चित्रांच्या पुस्तकाची पानं वाऱ्यानं एकेक उलटत जातात. त्रुफो ज्यात समीक्षा लिहून मोठा झाला ते 'काइये द्यू सिनेमा' मासिकही त्या ढिगात आहे. एकेक मुखपृष्ठ कोपऱ्यातून तपकिरी होतं, फुगतं, वळतं. माझा साताऱ्याचा बंबच तो. आणि मला काय वाटलं ते प्रामाणिकपणे सांगायचं तर, बघत राहावंसं वाटलं. जाळण्यात सुख आहे अशा अर्थाच्या वाक्यानंच ब्रॅडबरी कादंबरी सुरू करतो, पण ते वाक्य वाचताना मी सुरक्षित असतो. ते माँटॅगचं सुख असतं. पडद्यावर ते माझं झालं.

पण सिनेमातलं मला सगळ्यात आवडणारं दृश्य याहून शांत आहे. माँटॅगनं एक पुस्तक चोरून आणलंय, 'डेव्हिड कॉपरफील्ड'. बायको झोपल्यावर तो अंगरख्यात येऊन टीव्हीसमोर बसतो. पडद्यावर कार्यक्रम नाही, नुसता पांढरा उजेड. त्या उजेडात पुस्तक धरतो. पहिलं पान उघडतो आणि ओळीखाली बोट ठेवून वाचू लागतो. कथा नाही, शीर्षक-पृष्ठच. पुस्तकाचं नाव, लेखकाचं नाव, चित्रं कोणाची, प्रकाशक कोण, त्यांचा पत्ता काय, सगळं, अडखळत, मोठ्यांदा. कुठला मजकूर महत्त्वाचा आणि कुठला सोडून द्यायचा हे ठरवायला आधी वाचायची सवय लागते; त्याला ती नाही. त्याच्या लेखी प्रकाशकाचा पत्ताही डिकन्सनंच लिहिलाय. लहानपणी मीही 'मुद्रक', 'प्रकाशक', 'सर्व हक्क स्वाधीन' असं सगळं वाचून मगच गोष्टीकडे वळायचो. हे दृश्य कादंबरीत नाही. कादंबरीतला माँटॅग वाचायला बसतो तो एकदम विचारांना भिडतो.

मग पुन्हा तो शेवट. चित्रीकरण संपत आलं असताना अनपेक्षित बर्फ पडलं आणि त्रुफोनं ते तसंच घेतलं. तोवर त्याचं आणि माँटॅग झालेल्या ऑस्कर वेर्नरचं इतकं बिनसलं होतं की बोलणं तुटलेलं. वेर्नरनं आधीच्या दृश्यांशी मेळ बसू नये म्हणून ऐन शेवटी केस कापून घेतले असंही सांगतात. त्या भांडणाची पडद्यावर चाहूलही नाही. एक म्हातारा मरणाला टेकलाय आणि शेजारी बसलेल्या पोराला आपलं पुस्तक देतोय, वाक्यावाक्यानं. पोरगा म्हणतो, अडखळतो, म्हातारा पुन्हा सांगतो. पुस्तक कुठलं, तर स्टीव्हन्सनचं 'वेअर ऑफ हर्मिस्टन'. स्टीव्हन्सन १८९४ साली वारला तेव्हा ते अर्धंच लिहून झालं होतं. इतकी पुस्तकं जगात असताना त्या पोराच्या वाट्याला शेवट नसलेलं पुस्तक आलं. हे कळल्यावर मी माझ्या बारा रुपयांच्या प्रतीबद्दल कुरकुर करणं सोडलं.

या दृश्याकडे मी आणखी एका कारणानं ओढला जातो. आपल्याकडे हे झालेलं आहे. म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी माणसामाणसाकडून गोळा करून 'लीळाचरित्र' सिद्ध केलं ते तेराव्या शतकाच्या अखेरीस. पुढे यादवांचं राज्य कोसळताना, खिलजीच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत, मूळ पोथी गेली असं महानुभावांची परंपरा सांगते. मग ज्यांना ते मुखोद्गत होतं त्यांनी ते पुन्हा उभं केलं. हिराइसा नावाची एक बाई होती. तिच्या स्मरणाच्या आधारे सिद्ध झालेला पाठ तिच्याच नावानं ओळखला जातो. सिनेमातल्या रानात माणसाला पुस्तकाचं नाव मिळतं. इथे पुस्तकाला माणसाचं मिळालं. आणि अर्थातच हे पाठ तंतोतंत जुळत नाहीत. एकीला एक लीळा आठवली, दुसऱ्याला तीच दोन शब्दांच्या फरकानं, तिसऱ्याला आणखी एक. वि. भि. कोलत्यांसारख्या अभ्यासकांची वर्षं हे पाठभेद लावण्यात गेली. त्रुफोच्या रानात मला हीच बारीक शंका छळते: बर्फात चालणाऱ्या त्या माणसांतलं कोण, किती, कुठे चुकतंय? तपासणार कसं? मूळ प्रत तर त्यांनी पाठ झाल्यावर स्वतःच जाळून टाकली आहे.

कादंबरीवरून केलेल्या सिनेमाबद्दल लोक 'मूळ पुस्तकाची सर नाही' म्हणतात तेव्हा मला ही माणसं दिसतात. त्रुफोनं ब्रॅडबरी पाठ केला. कुत्रा विसरला, युद्ध विसरला, नावं बदलली, मधेच स्वतःचं काही घातलं, आणि एक मुलगी जिवंत ठेवली. २०१८ साली रामिन बहरानीनं एचबीओसाठी पुन्हा एकदा पाठ म्हटला. त्यात क्लॅरिस खबरी आहे आणि जगातली सगळी पुस्तकं डीएनएत साठवून एका पक्ष्याच्या अंगात घातली आहेत. त्या पाठाबद्दल मी एवढंच म्हणेन की म्हणणाऱ्याचं ध्यान दुसरीकडे होतं.

खुद्द ब्रॅडबरी यावर काय म्हणाला ते फार मजेचं आहे. १९७०च्या दशकाच्या शेवटी त्यानं आपल्याच कादंबरीचं नाटक केलं, आणि त्यात क्लॅरिसला परत आणली. त्रुफोनं तिला वाचवली, मलाही तसंच वाटलं, अशी सरळ कबुली त्यानं देऊन टाकली. पात्राला स्वतः मारून पंचवीसेक वर्षं झाल्यावर. कादंबरीत मात्र हात घातला नाही. तिथे ती मेलेलीच आहे. म्हणजे एकाच लेखकाच्या दोन पाठांत मुलगी एकदा मेली आणि एकदा नाही.

कोणी म्हणेल, मग कोणीही काहीही बदलावं का? त्याच सुमारास ब्रॅडबरीला विद्यार्थ्यांच्या पत्रांवरून कळलं की त्याच्याच प्रकाशकानं शाळांसाठी काढलेल्या आवृत्तीत कोणाला न विचारता पंचाहत्तरेक ठिकाणी कात्री चालवली आहे. शिव्या गाळल्या. एका दारुड्याला आजारी माणूस केलं. बेंबीतला मळ काढण्याचा उल्लेख होता, तिथे कान आणला. पुस्तकं जाळण्यावरची कादंबरी, आणि तिच्या बेंबीचा कान झाला. ब्रॅडबरी भडकला, मूळ मजकूर परत छापायला लावला आणि सोबत एक खरमरीत टिपणही जोडलं. ज्या माणसानं त्रुफोचा अख्खा शेवट पचवला, त्यानं ही बेंबी सोडली नाही. त्रुफोनं आपण बदललंय हे लपवलं नव्हतं, हा एक फरक. दुसरा असा की प्रकाशकाला काहीच आठवायचं नव्हतं, फक्त कटकट नको होती. आणि बीटी आपल्या प्रवचनात नेमकं तेच सांगतो: सरकारनं नंतर जाळली, आधी लोकांनीच कटकट नको म्हणून छाटली.

मागच्या जूनमध्ये मुलगी हॉस्टेलला निघाली तेव्हा कपाटासमोर उभी राहून गाडीत वाचायला काहीतरी मागत होती. दोन्ही प्रती शेजारी शेजारी होत्या. मी जुनी काढली. तिनं मागचा पुठ्ठा उघडायच्या आतच मी ती हातात धरून पानं अंगठ्यानं फर्रकन सोडून दाखवली.

"पूर्ण आहे ना?" तिनं विचारलं.

"आहे," मी म्हणालो.